दिवेलागणीच्या आत नदीपार

प्रवास कसा करावा हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं! लोक गावाला निघतात की घर हलवायला, हेच मला कळत नाही. ट्रंक, वळकटी, सुरई, लोणच्याची बरणी आणि ती बरणी सांडू नये म्हणून मांडीवर घेऊन बसलेली एक आत्या! माझं तसं नाही. लढाई संपल्यावर महूच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचं सामान लिलावात निघालं, तेव्हा मी एक खाकी थैला उचलला. दोन पट्टे खांद्यात अडकवायचे, थैला पाठीवर, दोन्ही हात मोकळे! आत एक धोतर, एक सदरा, चादर, तांब्या आणि आईने दिलेल्या दशम्या. एवढ्यावर मी काशी-रामेश्वरसुद्धा करून येईन, असं मी त्या दिवशी इंदूरच्या मोटार अड्ड्यावर चार लोकांना ऐकवलंही. प्रत्यक्षात मी गेलो उज्जैनपर्यंत, आणि त्या एका दिवसात जेवढा भ्यालो तेवढा जन्मात भ्यालो नव्हतो.

मी दत्तात्रय. सोनकुंडी संस्थानच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, कारकून होतो. सोनकुंडी कुठे आहे ते शोधू नका. मोठ्या नकाशावर माशी बसली तर आमचं संस्थान झाकून जायचं. पण राजा होता, राजवाडा होता, आणि मोतीचूर कसा करावा यावर दरबार भरायचा! आमचे राजेसाहेब श्रीमंत श्रीनाथराव यांना शिकारीचा नाद नव्हता, चुलीचा होता. राणीसाहेब माहेरी गेल्या की स्वतः धोतर खोचून फोडणी घालायचे. राणीसाहेब घरी असल्या की मात्र बिचारे दारात उभं राहून नुसता वास घ्यायचे. राजाने हातात झारा धरलेला त्यांना खपत नसे.

मग सगळी संस्थानं मध्यभारतात विलीन झाली, त्यात आमचंही झालं. मुदपाकखाना बंद, कारकून घरी! निरोपाच्या दिवशी राजेसाहेबांनी मला आपला एक जुना बंद गळ्याचा कोट दिला. त्याच्या पितळी बटणांवर सोनकुंडीचा वाघ होता. सोनाराने घाई केल्यामुळे तो बोक्यासारखा दिसायचा, पण होता वाघच.

"पुढे काय करणार रे दत्तू?" त्यांनी विचारलं.

"उज्जैनला फ्रीगंजात मराठी मुलांचं वसतिगृह आहे, सरकार. तिथे व्यवस्थापक हवाय. मुलांच्या जेवणाखाण्याचं बघायचं."

"पोरं पोटभर जेवत असतील ना?" असं म्हणून राजेसाहेबांनी इतका मोठा उसासा टाकला की मीच ओशाळलो.

वसतिगृहाचे चालक भय्यासाहेब. त्यांचा निरोप स्पष्ट होता. आधीचे व्यवस्थापक पहाटे उठत नसत, म्हणून हटवले. तेव्हा आदल्या रात्री वसतिगृहातच झोपा, सकाळी पोरांना न्याहारी करून घाला. जमलं तर नोकरी तुमची, नाही तर राम राम! घरी आई आणि लग्नाची बहीण. ही नोकरी गेली असती तर तो वाघाचा कोट उकळून खायची वेळ होती.

तर मोटार. त्या काळी पेट्रोलची बोंब असल्यामुळे आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे भट्टी, भट्टीचा सगळा धूर मागच्या बाकांवर. पुढे ड्रायव्हरशेजारी एक जागा होती. उबदार, खिडकीची, धूर नाही! थंडीचे दिवस. मी थैल्यासकट तिथे जाऊन बसलो.

"ओ थैलेवाले भैया! उठो, पीछे जाओ! यहाँ बड़े लोग बैठते हैं," ड्रायव्हर ओरडला.

आता सांगा, राग येणार नाही? मी कोट पुढे ताणला आणि बटणावर बोट ठेवून म्हणालो, "हे काय आहे दिसतंय का? सोनकुंडी दरबार!"

ड्रायव्हरला ढिम्म कळलं नाही. पण मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ ताडकन उभे राहिले. पांढऱ्या मिशा, हातात लोखंडी टोकाची काठी. "अरे, सोनकुंडीचा वाघ! सरकार, आपण? एकदम अकेले? आणि पाठीवर ओझं?" आणि त्यांनी भर मोटारीत, धुरात, वाकून मला मुजरा केला!

आता मी हो म्हटलं का? नाही. मी फक्त हसलो. राजेसाहेब हसायचे तसं, अर्ध्या मिशीत. हसण्याला कुणी खोटं बोलणं म्हणत असेल तर म्हणो बापडे! म्हातारबुवा सांवेरला उतरतील, तोवर खिडकी आपली, असा साधा विचार होता.

सांवेर आलं. म्हातारबुवा उतरले, माझ्यासाठी चहा आणि गरम कचोरी घेऊन परत चढले.

"मी अण्णा. ग्वाल्हेर दरबारच्या सायर खात्यात होतो. जकात नाका सांभाळायचो उज्जैनचा. आता सगळं एकच राज्य झालं, नाके बंद, मी पण बंद! सरकारांची सवारी कुठे?"

"फ्रीगंज," मी कचोरीचा घास गिळत म्हणालो. "तिथे एक वसतिगृह..."

"भय्यासाहेबांचं? अहो, मी तिथल्या कमिटीवर आहे! समोरच राहतो!" अण्णांचे डोळे भरून आले. "आज तिथे तुमच्या मुदपाकखान्याचा कारकून येणार आहे नोकरीला. त्या गरिबाची शिफारस करायला सरकार स्वतः निघाले? मोटारीने? हा काय मोठेपणा, वा!"

मी कचोरी खाली ठेवली. तेवढ्यात खरं सांगून टाकायला हवं होतं हे मलाही कळतं. पण अण्णा काठी आपटून म्हणाले, "नाक्यावर एकदा एकाने मला सांगितलं, मी साधू आहे. निघाला तुपाचा चोरटा व्यापारी! या काठीने त्याला असा शेकला की खोटं हा शब्द विसरला असेल. मला सगळं चालतं सरकार, फसवणूक नाही चालत."

मी काठीच्या लोखंडी टोकाकडे बघितलं आणि म्हणालो, "दत्तात्रय म्हणजे हिरा आहे, हिरा!"

एकदा सुरुवात झाली आणि मला थांबवेना. दत्तात्रयाचा हात सढळ, दत्तात्रय पहाटे उठणारा, दत्तात्रयासारखा प्रामाणिक माणूस आमच्या राज्यात दुसरा नाही! अण्णा माना डोलवत होते. माझा बेत पक्का होत चालला. राजा म्हणून दुपारी जायचं, शिफारस करायची, निघायचं, आणि संध्याकाळी कारकून म्हणून परत यायचं. दोघांचं तोंड एकच आहे हे मला उज्जैनचा देवास गेट दिसायला लागल्यावर सुचलं. 

वसतिगृहात बातमी आमच्या आधी पोचली होती. अण्णांनी अड्ड्यावरूनच सायकलवाल्याला पुढे पिटाळलं होतं. पोरं ओळीने उभी, दारात रांगोळी, भय्यासाहेब हातात हार घेऊन. स्वयंपाकीण अक्का पदराआडून बघत होत्या. मला झेंडूचा हार घातला गेला. माझा खाकी थैला दोन पोरांनी देव्हारा उचलावा तसा आत नेला.

"सरकार, संस्थान गेलं त्याचं फार वाईट वाटलं," भय्यासाहेब म्हणाले.

"मलाही," मी म्हणालो. ते दिवसभरात बोललेलं एकमेव खरं वाक्य.

जेवण झालं. एरवी मी ताटाखालचं ताटसुद्धा चाटून पुसून ठेवतो, पण त्या दिवशी अर्धं पान तसंच सोडलं. एक पोरगा म्हणाला, सरकार, वाघ मारलाय का? मी म्हणालो, हो. भय्यासाहेब म्हणाले, पोरांना दोन शब्द सांगा. मी सांगितले, लवकर उठत जा. प्रत्येक शब्दागणिक मी नोकरीपासून एक कोस लांब चाललो होतो, आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

उन्हं कलली. मी ठरवलं, आता भय्यासाहेबांना बाजूला घ्यायचं, पाय धरायचे आणि सगळं सांगायचं. मी उठलोही. तोच अक्का दारात आल्या आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "भय्यासाहेब, सरकारांचा बिछाना कुठे घालू?"

भय्यासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! हे कसं ध्यानात नाही आलं? सरकार, उठा! लगेच उठा!"

उज्जैनच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजाने या गावात रात्र काढायची नाही. मोठमोठे दरबारसुद्धा दिवसा दर्शन घेऊन दिवेलागणीच्या आत गावाबाहेर मुक्कामाला जायचे. जो राहिला त्याचं भलं झालं नाही, असं इथे लहान पोरसुद्धा सांगतं.

"पण... पण माझं राज्य आता कुठंय?" मी जीव मुठीत धरून म्हणालो. "विलीन झालं ना!"

यावर वाद पेटला! विलीन झालेला राजा राजा धरायचा की नाही? संस्कृत शिकणारा एक पोरगा, सुहास, म्हणाला, राज्य नाही म्हणजे राजा नाही. भय्यासाहेब म्हणाले, वकील वकिली सोडतो तरी वकीलसाहेबच राहतो. अण्णांनी काठी आपटली.

"तुमचं विलीनीकरण दिल्लीने केलं! महाकालाला कुणी विचारलं होतं का? तो काय वर्तमानपत्र वाचतो? त्याच्या हिशेबी राजा तो राजा. ऐकलंत ना, एक संस्थानिक हट्टाने राहिले होते. सकाळी उठले तर वाचाच गेली! दुसऱ्यांचा तर हत्ती बसला तो उठलाच नाही."

"माझ्याकडे हत्ती नाही," मी म्हणालो.

"म्हणजे तर थेट तुमच्यावरच!"

माझी बोबडी वळली. खरं सांगतो, तोवर मला फक्त काठीची भीती होती. आता दुसरीच भीती शिरली. मी राजा नाही हे महाकालाला नक्की ठाऊक होतं. पण त्याच्या गावात येऊन राजा म्हणून मिरवतोय, हेही त्याला ठाऊक असणारच! तोतयाला काय शिक्षा असते याची गोष्ट अण्णांनी सांगितली नव्हती, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

"दत्तात्रय येईल आता, त्याला भेटून..." मी चाचरलो.

"त्याची काळजी नको!" भय्यासाहेब म्हणाले. "आला की त्याला जेवू घालतो, ही खाट देतो. सकाळी न्याहारी त्याच्याच हातची. रात्री नाही आला तर मात्र शिफारस असो नाही तर काही, उद्या दुसरा बघणार. नियम म्हणजे नियम!"

माझ्याच खाटेकडे बघत मी थैल्यासकट टांग्यात चढवला गेलो.

टांगेवाल्याने घोड्याला चाबूक दाखवला. "घबराओ मत सरकार, अंधेरा होने से पहले पार करा दूँगा!" मागून पोरं 'सोनकुंडी सरकार की जय' ओरडत होती. रस्त्यातले लोक वळून बघत होते. दुकानांत दिवे लागायला लागले की अण्णा "भगाव, भगाव!" म्हणून किंचाळत, आणि खरं सांगू, मीही किंचाळत होतो! क्षिप्रेचा मोठा पूल आला. खाली चक्रतीर्थाच्या स्मशानात एक चिता जळत होती. मी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा आम्ही नदीपार होतो.

पुलापलीकडे सायरची जुनी चौकी होती. हद्दच राहिली नाही म्हणून ओस पडलेली. किल्ली अजून अण्णांच्याच कनवटीला. दाराला कडी, आत वटवाघळं, आणि जमिनीवर माझी चादर. मला वाटलं, अण्णा गेले की पळत सुटायचं, वसतिगृह गाठायचं. पण अण्णांनी दारात घोंगडी अंथरली आणि काठी उशाला घेतली.

"सरकारांना एकटं कसं सोडीन? निश्चिंत झोपा. कुणी आत येऊ शकत नाही."

कुणी बाहेरही जाऊ शकत नव्हतं. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगतो की स्मशानाच्या बाजूला कोल्हे ओरडत होते आणि अण्णा घोरत होते, आणि दोन्हींत मला फरक कळत नव्हता. डोळ्यांसमोर आई यायची. ती विचारायची, काय रे, लागली का नोकरी?

सूर्य उगवल्याशिवाय अण्णांनी मला पूल ओलांडू दिला नाही. फ्रीगंजात पोचलो तेव्हा वसतिगृहातून साजूक तुपाचा, जिऱ्याचा, ओल्या मटारचा वास येत होता. तो वास मी ओळखला.

पडवीत पोरं पंगतीने पोहे खात होती. खात कसली, तुटून पडली होती! भय्यासाहेब दुसऱ्यांदा घेत होते.

"या सरकार! आपला शब्द खरा ठरला. तुमचा दत्तात्रय काल दिवे लागल्यावर आला. काय माणूस आहे! हिरा! नोकरी दिली मी त्याला. अरे दत्तात्रय, बाहेर ये, तुझे सरकार आलेत!"

स्वयंपाकघराच्या दारात धोतर खोचलेले, कपाळाला भस्म लावलेले, हातात झारा घेतलेले आमचे राजेसाहेब श्रीमंत श्रीनाथराव उभे होते.

माझं रक्त गोठलं! अंगात त्यांचा कोट, गळ्यात काल घातलेला हार, आणि समोर खरा राजा. आता ते तोंड उघडणार, मग अण्णांची काठी. मी डोळे मिटले.

"मुजरा सरकार," राजेसाहेब म्हणाले. आणि माझ्यासमोर चक्क वाकले!

मग मला दंडाला धरून कोठीच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि हात जोडले. राजाने, मला! "दत्तू, बाबा रे, कुणाला सांगू नकोस."

"सरकार, आपण इथे कसे?"

"दर्शनाला म्हणून आलो होतो. अंधाराआधी परत फिरायचं, नेहमीसारखं. आमच्या सात पिढ्या अशाच परत फिरल्या. पायऱ्यांवर मनात आलं, राज्य तर गेलं. आता महाकाल माझं आणखी काय घेणार? म्हटलं, तुझ्याकडे एक रात्र टेकू. इथे दारात भय्यासाहेबांनी विचारलं, सोनकुंडीच्या मुदपाकखान्यातले का? मला वाटलं, हो म्हणून बघावं." त्यांनी झारा छातीशी धरला. "पहाटेची भस्मारती पाहिली रे! आमच्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती. आणि येऊन पोरांना पोहे केले. त्यांनी परत मागितले, दत्तू. राजवाड्यात माझ्याकडे कधी कुणी परत मागितलं नाही."

मी हसलो होतो खिडकीसाठी, त्यांनी हो म्हटलं चुलीसाठी. मला आईची आठवण आली, बहिणीची आली, खूप रडू आलं. पण एकदा त्या झाऱ्याकडे बघितलं आणि नोकरी मनातल्या मनात त्यांनाच देऊन टाकली. मी थैला पाठीवर घातला आणि परतीच्या मोटारीत मागच्या बाकावर, धुरात जाऊन बसलो.

आठवडाभर मी घरी तोंड लपवून होतो. मग सोनकुंडीच्या राणीसाहेब मोटार घेऊन उज्जैनला थडकल्या, राजेसाहेबांना फोडणी अर्धी असताना उचललं आणि घेऊन गेल्या. सगळं बाहेर आलं. खरा राजा आपल्या छपराखाली आठवडाभर झोपला हे कळल्यावर भय्यासाहेबांनी धावत जाऊन महाकालाला अभिषेक केला. मग मला बोलावणं धाडलं. भरपूर बोलले, अगदी आजोबांपर्यंत गेले. पण पोरं उपाशी होती आणि दुसरा कुणी मिळत नव्हता. नोकरी मला मिळाली!

तर आता सगळं छान आहे, फक्त एक सोडून. मी राजा नाही हे सगळ्यांना पटलं, पण अण्णांना अजून पटलेलं नाही.

"मला शिकवू नका," ते कमिटीत काठी आपटून म्हणाले. "तो झारेवाला राजा असता तर आठवडाभर इथे राहून त्याला काही झालं नसतं का? पोहे करत होता मजेत! आणि हे बघा, हे त्या रात्री नदीपार गेले म्हणून सुखरूप आहेत. म्हणजे राजा कोण? पुरावा समोर आहे! आणि तोंडाने नाही म्हणतात, हा तर खरा राजेपणा."

कमिटीने मान डोलावली, महाकालाच्या बाबतीत उगाच धोका कोण पत्करणार? म्हणून रोज संध्याकाळी पोरांची पानं वाढून होताच अण्णा दारात येऊन उभे राहतात. "चला सरकार, दिवे लागतायत." मी मुकाट्याने खाकी थैला पाठीवर घालतो आणि पूल ओलांडून चौकीत झोपायला जातो. वटवाघळांची सवय झाली आहे, कोल्ह्यांची अजून व्हायची आहे.

राजेसाहेब अधूनमधून राणीसाहेबांची नजर चुकवून येतात. सकाळी भस्मारती पाहून पोरांना पोहे करून घालतात. आणि रात्री? रात्री ते भर उज्जैनमध्ये, माझ्या खाटेवर, गाढ झोपतात!